मर्यादा कुणी आखली? कॅबिनेट, ओव्हरक्लॉकिंग आणि सातारा-सांगलीच्या खटपटीचा इतिहास

१/
सातारा किंवा सांगलीतील एखाद्या घरात मुलाने संगणकाच्या कॅबिनेटची एक बाजू कापून तिथे काच बसवली, किंवा प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्या आकड्यापुढे नेला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘चांगलं चाललं होतं, उघडलंसच कशाला?’ प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते. या दोन जिल्ह्यांतील यंत्रविद्येचा पाया तयार वस्तू उघडून पाहणाऱ्या माणसांनीच घातला. आजचा धागा त्या सवयीविषयी, आणि तिच्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीविषयी.

२/
आधी दोन शब्द स्पष्ट करू. प्रोसेसर एका ठरावीक तालावर काम करतो. त्या तालाला ‘क्लॉक’ म्हणतात. निर्मात्याने छापून दिलेल्या तालापेक्षा अधिक जलद तालावर तो चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. संगणकाचा डबा, म्हणजे ज्याला आपण कॅबिनेट म्हणतो (आणि घरातली वडीलधारी मंडळी सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात), तो कापून, रंगवून, त्यात पंखे, पाण्याच्या नळ्या, दिवे बसवून स्वतःच्या मनाप्रमाणे घडवणे म्हणजे कॅबिनेट मॉडिंग. दोन्ही छंद बहुधा एकाच माणसाला जडतात, कारण वेग वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता बाहेर काढायची तर डबा बदलावा लागतो.

३/
या धाग्यातले माझे म्हणणे एवढेच : प्रत्येक यंत्राला मर्यादा असते, पण ती मर्यादा आखणारा दर वेळी एकच नसतो. काही मर्यादा निसर्गाच्या असतात. काही व्यापाराच्या असतात. काही कायद्याच्या असतात. यंत्रावर मात्र तिन्ही एकाच आकड्याच्या रूपात छापलेल्या दिसतात. त्यांपैकी कोणती कुणाची, हे स्वतःच्या हाताने शोधून काढणे हा या छंदाचा गाभा. दिव्यांची रोषणाई त्यानंतर येते. ज्या समाजाला हा फरक ओळखता येतो, तोच पुढे स्वतःची यंत्रे बनवतो.

४/
निसर्गाची मर्यादा प्रथम पाहू. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग २० टक्क्यांनी वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज १० टक्क्यांनी चढवले, तर १.२ × १.१ × १.१ = १.४५. म्हणजे पाचव्या हिश्श्याइतका वेग मिळवण्यासाठी जवळजवळ निम्मी अधिक उष्णता पत्करावी लागते. इथे कुणाची लबाडी नाही. हा पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे आणि तो कुणालाही चुकवता येत नाही. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला हे सूत्र पुस्तकातून नव्हे, तापमानाच्या वाढत्या आकड्यातून कळते.

५/
त्यात आपला उन्हाळा. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की तोही साधारण तितकाच तापतो. त्यामुळे थंड देशातल्या माणसाने मिळवलेला आकडा एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीकडे झुकलेला असताना, सांगली-मिरजेच्या पत्र्याखालच्या खोलीत मिळेलच असे नाही. विक्रम करणारे तर द्रवरूप नायट्रोजन (उणे १९६ अंश सेल्सिअस) वापरतात. २०२२ च्या अखेरीस ९ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली गेली ती त्याहूनही थंड अशा द्रव हेलियमच्या साहाय्याने. निसर्गाची मर्यादा रेटता येते, पण प्रत्येक पावलाची किंमत मोजावी लागते.

६/
आता व्यापाराची मर्यादा. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. १९८४ मध्ये आलेला ‘पीसी-एटी’ ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्याचा ताल एका छोट्या स्फटिकावर, क्रिस्टलवर, अवलंबून होता. हौशी लोकांनी १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून १६ चा बसवला आणि यंत्र ८ वर धावू लागले. यंत्र जळाले नाही. बहुतेकांचे उत्तम चालले. त्यावर आयबीएमने काय केले? पुढच्या रॉममध्ये वेग तपासण्याची सोय घातली. ठरल्यापेक्षा जलद चालणारे यंत्र आता सुरूच होईना. निसर्गाने जिथे ‘चल’ म्हटले, तिथे कंपनीने ‘थांब’ म्हटले.

७/
याहून प्रसिद्ध उदाहरण इंटेलच्या ‘सेलेरॉन ३००ए’ या प्रोसेसरचे आहे. १९९८ साली हा स्वस्त गटातला प्रोसेसर बाजारात आला. ६६ मेगाहर्ट्झचा बस-वेग गुणिले साडेचार, म्हणून ३०० मेगाहर्ट्झ. लोकांनी बस-वेग १०० केला. साडेचार पट म्हणजे ४५०. हा त्या वेळच्या महागड्या पेंटियम-२ चा वेग होता, आणि या चिपांपैकी बऱ्याच तो सहज पेलत. स्वस्त आणि महाग यांतले अंतर सिलिकॉनमध्ये कमी आणि किंमतपत्रकात जास्त होते, हे हजारो तरुणांनी घरबसल्या सिद्ध केले. अर्थशास्त्राचा याहून स्वच्छ धडा वर्गात क्वचितच मिळतो.

८/
कंपन्या गुणक कुलूपबंद करू लागल्या, तसे कुलूप उघडणारेही पुढे सरसावले. २००० सालच्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन चिपांवरचे तुटक ठिपके साध्या शिसपेन्सिलीने जोडले की गुणक मोकळा होई, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. पुढे २०१० पासून इंटेलने कुलूप नसलेले, नावापुढे ‘के’ अक्षर असलेले प्रोसेसर वेगळ्या किमतीला विकायला सुरुवात केली. म्हणजे जी गोष्ट मनाई होती, तीच विक्रीची वस्तू झाली. या कथेला काळी बाजूही आहे : कमी वेगाच्या चिपांवर जास्त वेगाचा शिक्का मारून त्या विकणारे भामटे याच काळात जगभर फोफावले. कौशल्य तेच, हेतू मात्र निराळा.

९/
कॅबिनेटचा इतिहासही असाच बोलका आहे. १९७५ चा ‘अल्टेअर ८८००’ हा सुट्या भागांचा संच म्हणूनही मिळे. घेणाऱ्याने तो स्वतः जोडायचा. १९७६ चा ‘ॲपल-१’ डब्याविनाच विकला गेला, आणि काही मालकांनी त्यासाठी लाकडी पेट्या बनवून घेतल्या. म्हणजे घरगुती संगणकाच्या आरंभी डबा बनवणे हा छंद नव्हता, गरज होती. पुढे कारखान्यांनी सगळ्यांना एकच फिकट पिवळसर चौकोनी डबा दिला. १९९८ मध्ये आलेल्या निळसर पारदर्शक ‘आयमॅक’ने तो कंटाळा मोडला. पण हौशी लोक करवत आणि फाइल घेऊन आपापल्या डब्यांना भिडलेच होते.

१०/
हे सारे अमेरिकेत घडले. मग सातारा-सांगलीचा संबंध कुठे येतो? नकाशापासून सुरुवात करू. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी या भूभागात ब्रिटिश मुलूख आणि मिरज, सांगली, औंध यांसारखी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. मुंबई-पुण्यासारखी मोठी बाजारपेठ इथे नव्हती. भाग बिघडला तर तो मागवायला दिवस लागत. अशा ठिकाणी माणूस यंत्र उघडायला शिकतो, कारण न उघडता भागत नाही.

११/
पहिले उदाहरण मिरजेचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या संस्थानात, फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी-शस्त्रांना धार आणि पाणी देणारा कारागीर. इंग्रजी अंमल स्थिरावला तशी शस्त्रांची मागणी ओसरली. हातातली विद्या मात्र होतीच. दरबारी गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता हे घराणे सतार आणि तंबोरे घडवू लागले. आज त्या परंपरेतील मिरजेच्या वाद्यांना देशभर मान आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. क्रम लक्षात घ्या : आधी उघडले, मग दुरुस्त केले, मग स्वतः घडवले.

१२/
तंबोऱ्याची ‘जवारी’ काढणे ही कला पाहिली की ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला ओळख पटेल. तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग कारागीर कानसेने अगदी अलगद घासतो. थोडे कमी झाले तर नाद खुलत नाही. थोडे जास्त झाले तर घोडी वाया जाते. मोजपट्टी नाही, कानच प्रमाण. एक पाऊल टाकायचे, ऐकायचे, पुन्हा एक पाऊल टाकायचे. प्रोसेसरचा वेग वाढवतानाही माणूस हेच करतो : थोडा वेग चढवायचा, तासन्‌तास चाचणी घ्यायची, स्थिर राहिला तरच पुढे जायचे. उतावळ्या माणसाला दोन्ही विद्या साधत नाहीत.

१३/
दुसरे उदाहरण अधिक परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंगांच्या छटा ओळखण्यात दोष आढळला म्हणून ती वाट सुटली. ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली संस्थेत शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावात भावासह सायकलींच्या धंद्यात उतरले. सायकल म्हणजे त्या काळातले सर्वांत उघडे यंत्र : साखळी, दाते, बेअरिंग, सारे डोळ्यांसमोर. त्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्यापर्यंतचा प्रवास झाला.

१४/
नांगराची गोष्ट आपल्या विषयाला थेट भिडते. लोखंडी नांगर जमिनीत विष कालवतो, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता. लाकडी नांगराची खोली ही जणू जमिनीनेच आखलेली मर्यादा मानली जाई. नांगर तयार होऊनही पहिली विक्री होईपर्यंत दीर्घ काळ वाट पाहावी लागली. हळूहळू लोकांनी शेतात चालवून पाहिला आणि मर्यादा जमिनीची नव्हती, अवजाराची होती, हे ध्यानात आले. व्याख्यानाने हा समज गेला नसता. तो नांगराच्या तासाने गेला. मर्यादा कुणाची, या प्रश्नाचा निकाल नेहमी प्रत्यक्ष प्रयोगातच लागतो.

१५/
बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळ, निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगलेवाडीची काच आली आणि पुढे तिथल्या ‘प्रभाकर’ कंदिलाने घराघरात जागा मिळवली. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर झाले आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिनही तयार झाले. एका पिढीत, काही कोसांच्या परिसरात, तीन उद्योग. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही.

१६/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वतःलाच आवरले पाहिजे. फरीदसाहेब, लक्ष्मणराव आणि दिवे लावलेल्या कॅबिनेटचा मालक या तिघांना एकाच माळेत ओवणे सोपे आहे, पण चुकीचे ठरेल. पहिल्या दोघांचे पोट त्या कामावर होते, तिसऱ्याचे नाही. पहिल्या दोघांनी समाजाला विकता येईल अशी वस्तू दिली. तिसरा बहुधा फक्त स्वतःसाठी काम करतो. आजच्या छंदाला कालच्या उद्योगाचे मोठेपण उसने देता येत नाही. तिघांत समान आहे तो प्रश्न : ‘ही मर्यादा खरी आहे का?’ माझा दावा त्या प्रश्नापुरताच आहे.

१७/
आणि हा प्रश्न नामवंतांपुरता कधीच नव्हता. कृष्णा-वारणेच्या काठावरचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आठवा. रात्री तीन फेजपैकी एक फेज गेली की ‘कंडेन्सर’ टाकून पंप चालवण्याची युक्ती महाराष्ट्रातल्या शेताशेतांत माहीत आहे. हेही ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे यंत्र चालवणेच. त्याची किंमतही तशीच : वेटोळी तापतात, एखादे दिवशी मोटार जळते, आणि ती पुन्हा त्याच रिवाइंडिंगच्या बाकावर येते. या मिस्त्रींना उष्णतेचा तोच हिशेब कळलेला असतो. त्यांच्या नावाने संस्था नाहीत, चरित्रे नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात कारखान्याचा संस्थापक येतो. मिस्त्री येत नाही.

१८/
अलीकडचे एक उदाहरण मात्र देशभर गाजले. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले कारागीर दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातले भाग जमवून एक छोटी चारचाकी बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही गाडी डिसेंबर २०२१ मध्ये चित्रफितीतून सर्वत्र पोहोचली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले. गाडी नियमांत बसत नाही, हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल पार पडली.

१९/
ही गोष्ट बहुतेकांनी गोड शेवटाची म्हणून वाचली. कुटुंबाला चांगली गाडी मिळाली, याचा आनंद मलाही आहे. पण इतिहासाच्या बाजूने पाहा. घडवलेली वस्तू कंपनीच्या संशोधन केंद्राच्या संग्रहासाठी गेली; ते केंद्र चेन्नईजवळ आहे. गियर कसे जुळवले, कोणता भाग कुठून आला, किती वेळा फसले, हे सांगणारी टाचणे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या वाचनालयात वा संग्रहालयात ठेवायची, याची चर्चासुद्धा झाली नाही. आपण टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या चित्रफितीकडे वळलो. एका कंपनीला जे जपावेसे वाटले, ते आपल्याला वाटले नाही. यात दोष कंपनीचा नाही.

२०/
आता तिसरी, म्हणजे कायद्याची मर्यादा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. या नियमाची टिंगल करण्यात अर्थ नाही. रस्ता सामाईक आहे. ब्रेक निकामी झालेली घरगुती गाडी मालकापेक्षा समोरून येणाऱ्याचा घात अधिक करते. कायद्याची मर्यादा ही शेजाऱ्याच्या सुरक्षिततेतून आलेली असते आणि ती निसर्गाच्या मर्यादेइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

२१/
म्हणून ‘मॉडिफिकेशन’ या एकाच शब्दाखाली सारे काही झाकू नये. सायलेन्सर बदलून रात्री गल्ली दणाणून सोडणारा आणि स्वतःच्या प्रोसेसरचे तापमान मोजत बसणारा, हे दोघे सारखे नाहीत. पहिला दुसऱ्याच्या झोपेवर प्रयोग करतो. दुसरा स्वतःच्या पैशांवर आणि वीजबिलावर. प्रयोग फसला तर नुकसान कुणाचे, हा निकष लावला की बराच गोंधळ मिटतो. नुकसान स्वतःचे असेल तर मोकळीक द्यावी. दुसऱ्याचे असेल तर चाचणी आणि परवानगी हवी. सरसकट बंदी आणि सरसकट कौतुक, दोन्ही आळशीपणाची रूपे आहेत.

२२/
‘हा पैसेवाल्यांचा छंद’, असा आक्षेप घेतला जातो. आजच्या बाजारातल्या तयार दिव्यांच्या पट्ट्या, काचेचे तयार कॅबिनेट आणि महागडे कूलर पाहिले तर त्यात तथ्य आहे. पण तयार सामान विकत घेऊन जोडणे ही सजावट झाली. या छंदाचा उगम उलट्या दिशेने झाला होता : महाग वस्तू परवडत नाही, म्हणून स्वस्त वस्तूतून तेवढेच काम काढायचे. सेलेरॉन लोकप्रिय झाला तो गरीब विद्यार्थ्यांमुळे. जुन्या बाजारातला प्रोसेसर, भंगारातला पत्रा, ओळखीच्या वेल्डिंगच्या दुकानातला अर्धा तास, एवढ्यावर जे उभे राहते त्याला मी खरे मॉडिंग म्हणेन. खर्च जितका कमी, तितके शिक्षण अधिक.

२३/
दुसरा आक्षेप : ‘आता याची गरजच काय? चिपा आपोआपच वेग वाढवतात.’ हे खरे आहे. आजचे प्रोसेसर तापमान पाहून स्वतःचा वेग चढवतात-उतरवतात, आणि हाताने मिळणारा लाभ थोडाच उरला आहे. पण चिंता वेगळी आहे. मेमरी बोर्डावरच झाळलेली, बॅटरी डिंकाने चिकटवलेली, झाकणाला स्क्रूच नाही, अशी यंत्रे वाढत आहेत. उघडताच न येणारे यंत्र वापरायला शिकवते. बनवायला शिकवत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस संकेतस्थळही सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा विचार आहे. हा प्रश्न ग्राहकाच्या सोयीपुरता नाही. पुढच्या पिढीतले कारागीर कुठे तयार होणार, हा प्रश्न आहे.

२४/
मग करायचे काय? सांगलीत १९४७ पासून चालत आलेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कऱ्हाडला १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांच्या प्रयोगशाळा वर्षातून एक दिवस गावोगावच्या खटपट्यांसाठी उघडाव्यात. कुणी कॅबिनेट आणेल, कुणी फवारणीचे यंत्र, कुणी बदललेला पंप. शिक्षकांनी मोजमाप करावे : किती तापते, किती वीज खाते, कुठे धोका आहे. सुरक्षित काय आणि घातक काय, हे लेखी मिळावे. कायद्याला आधार मिळेल, करणाऱ्याला मान मिळेल आणि ‘जुगाड’ हा शब्द वापरून कामचुकारपणा खपवणाऱ्यांचेही पितळ उघडे पडेल.

२५/
आणि नोंदी. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले तेव्हा ते कारखान्याचे माहितीपत्र होते. पुढे त्याचेच मोठे मासिक झाले, आणि आज तो अंक त्या काळच्या यंत्रविश्वाचे साधन ठरतो. कारण कुणीतरी लिहून ठेवले. आजच्या खटपटीचे साधन कुठे आहे? फोनमधल्या छायाचित्रांत, पुसल्या जाणाऱ्या चित्रफितींत, विकून टाकलेल्या यंत्रांत. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक सांगलीतील २०२० च्या दशकातली यंत्रविद्या शोधू लागला, तर त्याला शोरूमच्या जाहिराती सापडतील. घरात काय घडले ते सापडणार नाही.

२६/
म्हणून वाचकहो, एक विनंती. तुम्ही कॅबिनेट कापले असेल, वेग चढवला असेल, तर एक वही ठेवा : तारीख, कोणता भाग, किती व्होल्टेज, किती तापमान, काय जळले आणि का जळले. फसलेले प्रयोग आधी लिहा. इतिहासाला त्यांचीच टंचाई असते. तुमच्या गावात रिवाइंडिंग करणारे काका, लेथवरचे मिस्त्री, वाद्ये दुरुस्त करणारे चाचा असतील, तर त्यांच्याजवळ बसून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांची रीत लिहून घ्या. त्यांनी ओळखलेल्या मर्यादा कोणत्या आणि झुगारलेल्या कोणत्या, एवढे जरी विचारलेत तरी पुरे. ही वही म्हणजे उद्याच्या अभ्यासकाचे अस्सल साधन असेल. धागा इथे थांबवतो. तुमच्या परिसरातील अशा एखाद्या यंत्राची हकीकत खाली अवश्य नोंदवा.